गुडघ्याखाली पाय काढल्यावर: उशी, पट्टी आणि पहिला कृत्रिम पाय

परवा कागलकडचे एक आबा कृत्रिम पायाचं माप द्यायला आले. ऑपरेशन सुरेख झालेलं. टाक्यांची रेघ बारीक, हाडावर मांसाची गादी, लांबी पुरेशी. पण गुडघा सरळच होईना, तीस अंशांत आखडून बसलेला. विचारलं तर कळलं, दोन महिने गुडघ्याखाली उशी होती. "सूज उतरंल म्हणून सूनबाईनं ठेवलेली." सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, बनवणाऱ्यानं हातातली टेप परत खिशात घातली.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते, आणि हे मी दर महिन्याला बघते. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, त्यानंतरचे तीन महिने घरच्यांच्या हातात असतात, आणि चुका तिथंच होतात. म्हणून हे क्रमवार लिहिते आहे. मुख्यतः गुडघ्याखालून पाय काढलेल्यांसाठी. मांडीतून काढला असेल तर कुठं फरक पडतो ते त्या त्या जागी सांगते. उरलेल्या पायाला दवाखान्यात सगळे 'स्टंप' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

१. ऑपरेशनआधी: काय विचारायचं, काय तयार ठेवायचं

वेळ हाताशी असेल तर सर्जनना हे तीन प्रश्न विचाराच.

पहिला: रक्तवाहिनी उघडून पाय वाचतो का? पायाकडं रक्त कमी जात असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊ शकते का, हे कापण्याआधी तपासायचं असतं. पाय वाचला नाही तरी रक्तपुरवठा सुधारल्यावर खालच्या पातळीवर कापून काम भागू शकतं.

दुसरा: गुडघा राहील का? या लेखातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. गुडघ्याखालून पाय गेलेल्या धडधाकट माणसाला चालायला साधारण पाव हिश्शानं जास्त ताकद लागते. मांडीतून गेला की हाच आकडा ६० टक्क्यांच्या पुढे जातो. साखरेच्या नाहीतर हृदयाच्या जुन्या रुग्णाला तर याहून जास्त दमणूक होते. सत्तरीतला माणूस पुन्हा परड्यापर्यंत चालत जाणार की खाटेवरच राहणार, हे बऱ्याचदा गुडघ्यावर ठरतं.

तिसरा: एकदाच ऑपरेशन की दोनदा? ओलं गँगरीन असेल, पू वर चढत असेल, ताप असेल तर सर्जन आधी सडलेला भाग झटकन काढून जखम उघडी ठेवतात आणि काही दिवसांनी नीट आकार देऊन शिवतात. "डॉक्टरांनी दोनदा कापलं" म्हणून नातेवाईक चिडतात. ती चूक नसते, तीच पद्धत आहे.

> सावधान: ओल्या गँगरीनमध्ये ताप, ग्लानी, दम लागणं सुरू झालं असेल तर 'आणखी एक मत घेऊ' म्हणत चार दिवस घालवू नका. तिथं पायाआधी जीव जातो.

"जेवढा वाचंल तेवढा वाचवा, डॉक्टर" हे वाक्य प्रत्येक घरातून येतं. पण नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात मांस कमी, कातडी पातळ आणि रक्तही कमी. तिथं कापलं तर जखम भरायला रडते आणि खाली कृत्रिम पाऊल बसवायला जागा उरत नाही. गुडघ्याच्या सांध्याखाली साधारण १२ ते १५ सेंटिमीटर हाड ठेवलं तर पाय चांगला बसतो. म्हणजे फार आखूडही नको आणि हट्टानं लांबही नको.

अंगाची तयारीही आताच करायची. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन (दर १०० मिलीला) ३ ग्रॅमच्या खाली असेल तर जखम भरायला त्रास होतो, हिमोग्लोबिन कमी असेल तरीही. अंडी, दूध, डाळ, मासे, मटण, जे पचेल ते रोज द्या. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. आपल्याकडं पांढऱ्या रश्शाची वाटी मोठ्या भक्तीनं पाजतात. ताकद रश्शात नाही बरं का, त्याच्या तळाशी जे मटण आहे त्यात आहे. विडी, तंबाखू, मिश्री त्याच दिवशी बंद. 'फक्त सकाळची मिश्री' ही सवलतसुद्धा नको.

घरी पलंग, हँडलची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची यांची सोय आधीच करा. उंबरा आणि मोरीची पायरी वॉकरला आडवी येते का ते बघून घ्या. मागच्या दारी शेवाळलेली फरशी असेल तर पावसाळ्यात तो रस्ता बंदच ठेवा.

२. टेबलावर काय होतं

हे माहीत असावं, कारण पुढं स्टंप का दुखतो ते यावरून कळतं.

पोटरीकडून रक्त चांगलं मिळतं, म्हणून बहुतेक वेळा मागचं मांस आणि कातडं लांब ठेवून ते पुढं वळवून शिवतात. त्यामुळं टाके टोकाच्या पुढच्या अंगाला दिसतात. नडगीच्या हाडाची पुढची धार तिरकी घासून गोल करतात, नाहीतर ती कातडीला आतून टोचत राहते. शेजारचं बारीक हाड एक-दोन सेंटिमीटर जास्त आखूड ठेवतात. मोठ्या रक्तवाहिन्या बांधतात. मज्जातंतू हलकेच ओढून धारदार पात्यानं कापतात आणि वर मांसात सरकू देतात, कारण त्याच्या टोकाला पुढं गाठ होते. ती भार पडतो तिथं आली तर हात लावताच शॉक बसल्यासारखं होतं. शेवटी स्नायू हाडाला किंवा एकमेकांना शिवतात. तसं केलं नाही तर मांस लोंबतं आणि हाड सॉकेटमध्ये खुळखुळल्यासारखं हलतं.

> तपासा: ऑपरेशनला नेण्याआधी कुठल्या पायावर खूण केली आहे ते रुग्णानं आणि घरच्यांनी डोळ्यानं बघावं. डिस्चार्ज कार्डवर बाजू, पातळी आणि तारीख स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या सगळ्या कागदांना हेच लागतं.

३. पहिला आठवडा: उशी काढा

सूज उतरवायची तर पलंगाचा पायथा उचला. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा द्या नाहीतर हॉस्पिटलच्या पलंगाचा दांडा फिरवा. गुडघ्याखाली उशी नको. मांडीखाली नको. दोन मांड्यांच्या मध्येही नको. उशीनं गुडघा वाकलेला राहतो, मागचे स्नायू आखूड होतात आणि काही आठवड्यांत तो बाक पक्का होतो. रुग्णाला उशी हवी असते, कारण वाकवल्यावर दुखणं कमी वाटतं. इथं प्रेमानं नाही म्हणायचं.

खुर्चीत बसल्यावर स्टंप खाली लोंबता ठेवू नका. मांडीखालून पुढं येईल अशी फळी खुर्चीवर सरकवा, वर घडी केलेली चादर घाला आणि गुडघा सरळ ठेवा. सुतार ही फळी अर्ध्या तासात करून देतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं पालथं झोपवा, तोंड धडधाकट पायाच्या बाजूला वळवून. मांडीतून पाय काढलेल्यांनी तर हे अजिबात चुकवू नये. त्यांचा खुबा पुढं आणि बाहेर आखडतो. दम्यामुळं किंवा हृदयामुळं पालथं जमत नसेल तर चांगल्या कुशीवर झोपवून मांडी हळूच मागं न्या.

> सावधान: पहिल्या पंधरवड्यात रात्री पडण्याचं प्रमाण फार. झोपेतून उठलेला मेंदू पाय आहे असंच समजतो. माणूस उठतो, नसलेलं पाऊल टाकतो आणि थेट टाक्यांवर आपटतो. लघवीचं भांडं हाताशी, दिवा चालू आणि शेजारी माणूस. वॉकर पलंगाला टेकून ठेवा, कोपऱ्यात नको.

४. पट्टी: सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट

सर्जननी हो म्हटल्यावरच सुरू करायची. पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल तर ते थांबायला सांगतील, तेव्हा थांबा.

एका पोरानं वडिलांची पट्टी मला बांधून दाखवली. गुडघ्याखाली गोल गोल पाच वेढे, करकचून, टोकाला मात्र सैल. मी म्हटलं, "अरे, ही उसाची मोळी आहे का?" गोल वेढ्यांनी वरची वाट आवळली जाते, पाणी खाली अडकतं आणि टोक पेरूसारखं फुगतं. आपल्याला हवा असतो लांबट स्टंप, टोकाकडं किंचित निमुळता.

गुडघ्याखालच्या स्टंपला चार इंची क्रेप पट्टी, मांडीच्या स्टंपला सहा इंची. निदान तीन पट्ट्या घ्या, म्हणजे एक अंगावर, एक धुण्यात आणि एक कोरडी.

(१) रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवा, स्टंप फळीवर, गुडघा सरळ. गुडघा वाकलेला असताना बांधलेली पट्टी त्याला तसाच वाकलेला ठेवते.

(२) पट्टीचं टोक गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला धरा. तिथून सरळ खाली, स्टंपच्या टोकावरून मागं, गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत न्या. तशीच परत टोकावरून पुढं आणा. असे दोन-तीन फेरे, एक आतल्या कोपऱ्यावर, एक बाहेरच्या. टाक्यांच्या दोन्ही कडांना कातडीचे कान राहतात ना, ते या फेऱ्यांनी दबले पाहिजेत.

(३) आता तिरकी. टोकाच्या आतल्या बाजूनं वर बाहेर, मागून वळसा, पुन्हा तिरकी खाली टोकाच्या दुसऱ्या बाजूला. समोरून बघितलं तर इंग्रजी आठ दिसला पाहिजे. प्रत्येक फेरा मागच्याच्या निम्म्यावर.

(४) ताण टोकाला सगळ्यात जास्त, वर जाईल तसा कमी. पट्टी पूर्ण ताणून बांधायची नसते.

(५) शेवटचा एक तिरका फेरा गुडघ्याच्या वर मांडीवरून घ्या, म्हणजे पट्टी घसरत नाही. वाटी उघडी ठेवा.

(६) शेवट चिकटपट्टीनं. पट्टीसोबत येणारे लोखंडी दातेरी क्लिप फेकून द्या. साखरेच्या रुग्णाला ते टोचलेलं कळतसुद्धा नाही.

मांडीचा स्टंप असेल तर पट्टी कमरेभोवती एकदा फिरवून आणावी लागते आणि जांघेपर्यंतचं मांस आत घ्यावं लागतं. नाहीतर जांघेत मांसाची वळी तयार होते आणि सॉकेटची कड तिथंच कापते. हे लेख वाचून शिकू नका, एकदा समोर बसून शिका.

> तपासा: दहा मिनिटांनी बघा. वरच्या कडेत बोट सहज जातं का? टोकाकडं बोट घालायला जड जातं का? दोन्ही हो असेल तर बरोबर. ठणका, मुंग्या, गार पडणं, निळसरपणा यांतलं काही असेल तर लगेच सोडा.

पट्टी दिवसरात्र ठेवायची, आंघोळ आणि तपासणी सोडून. पण दर चार ते सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायची, कारण ती सैल होते. 'सकाळी नर्स बांधून जाते' एवढ्यावर भागत नाही. घरातली दोन माणसं तरी शिकली पाहिजेत. एक जण ऊसतोडीला नाहीतर ड्युटीला गेलाच तर दुसरा. धुताना साधा साबण, पिळायची नाही, सावलीत आडवी पसरून वाळवायची. दोरीवर लोंबती टाकली की तिचा ताण मरतो.

जखम पूर्ण भरली की डॉक्टरांना विचारून घट्ट मोज्यावर जाता येतं. त्याला श्रिंकर म्हणतात. ज्यांच्या घरी पट्टी नीट बांधणारं कुणी नाही, त्यांना मी तोच सुचवते. चुकीच्या पट्टीपेक्षा तो केव्हाही बरा.

५. व्यायाम, थोडे पण रोज

गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. गुडघा सरळ ठेवून स्टंप वीतभर उचला. पालथं झोपल्यावर मांडी मागं उचला. दोन मांड्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल धरून दाबा आणि लगेच काढून टाका. खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून कंबर उचला; वॉकर धरायची ताकद यातूनच येते. श्वास रोखून धरू नका, बीपी आणि हृदयाचे रुग्ण तर मुळीच नाही.

एका पायावर उभं राहणं फिजिओ शेजारी असतानाच सुरू करा.

६. टाके आणि कातडी

टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात, साखर असेल तर आणखी उशिरा. घाई करू नका. हळद, झाडपाला, गरम पाण्याचा शेक, 'कुणाच्या तरी ओळखीतलं मलम' यातलं काहीही जखमेवर नको. अंगठ्याच्या फोडाला गरम पाण्यात बुडवून पोळवलेले आणि तिथून पाय गमावलेले लोक मला माहीत आहेत.

> सावधान: टाक्यांची कड काळी पडणं, वास, पू, ताप, जखम उघडणं, मांडीला अचानक सूज किंवा दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. रक्त येऊ लागलं तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा, स्टंप वर उचला आणि निघा.

जखम भरल्यावर स्टंप रोज रात्री धुवा, सकाळी नको. ओली कातडी फुगते आणि सकाळी सॉकेटमध्ये घासते. दाढीचा आरसा खाली धरून टोकाची मागची बाजू बघा. मग हातानं हलकं चोळा, मऊ टॉवेलनं थोपटा. व्रण हाडाला चिकटू नये म्हणून बोटांनी कातडी चारी बाजूंना सरकवा. केस काढू नका, आत वळून फोड येतात.

७. नसलेला पाय दुखतो तेव्हा

"बोटं मुरगळल्यात, सरळ करा की." बोटं नाहीत, पण दुखणं खरं आहे. त्याला फँटम पेन म्हणतात आणि बहुतेकांना कमी-अधिक होतं. भूतबाधा नव्हे, वेडही नव्हे. मेंदूत त्या पायाची जागा अजून शाबूत असते. एवढं समजावल्यावरच निम्मी घाबरगुंडी जाते; घरच्यांनी चेष्टा केली तर म्हातारा माणूस दुखणं सांगायचंच सोडतो.

नीट बांधलेली पट्टी, स्टंप चोळणं आणि आरसा, हे तिन्ही घरी करता येतं. लांब आरसा दोन पायांच्या मध्ये उभा धरायचा, चांगल्या पायाची प्रतिमा दिसेल असा. पंधरा मिनिटं चांगलं पाऊल सावकाश हलवायचं आणि नजर आरशातल्या पायावर ठेवायची. झोप उडवणारं दुखणं असेल तर डॉक्टर मज्जातंतूंच्या दुखण्याची वेगळी गोळी देतात. साध्या पेनकिलरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही, दुकानातून आणून किडनीवर भार टाकू नका.

८. दुसरा पाय

साखरेमुळं एक पाय गेला असेल तर दुसरा धोक्यात आहे असंच धरून चाला. त्याच्यावर आता दुप्पट भारही आहे. रोज संध्याकाळी तळवा, बोटांच्या बेचक्या आणि टाच बघा. घरातसुद्धा पायताण. चैत्रात जोतिबाला अनवाणी चढायचा नवस असेल तर देवाला हात जोडून तो बदलून घ्या. तापलेल्या फरशीवर बधीर तळवा भाजला तरी कळत नाही. नवी करकरीत कोल्हापुरी चप्पलही नको, तिचा अंगठा बधीर बोटाला कधी कापून जातो ते रक्त दिसल्यावरच समजतं.

९. माप आणि पहिला पाय

कधी जायचं? सगळं सुरळीत असेल तर साधारण सहा ते बारा आठवड्यांत. पण तारखेपेक्षा या चार गोष्टी बघा: जखम पूर्ण बंद, गुडघा सरळ, वॉकरवर एका पायानं घरात फिरता येतं, आणि घेर स्थिर. घेरासाठी शिंप्याची टेप घ्या, वाटीखाली ५ आणि १० सेंटिमीटरवर पेनानं खूण करा आणि आठवड्यातून एकदा, सकाळी, वहीत लिहा. दोन-तीन आठवडे आकडा जवळपास तोच आला की निघा. फुगलेल्या स्टंपचं माप दिलं तर महिन्याभरात पाय सैल होतो.

सॉकेटमध्ये भार टोकावर घ्यायचा नसतो. तो मुख्यतः वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर आणि हाडाच्या बाजूंवर घेतात. टोक नुसतं हलकं टेकलेलं असतं. पहिल्याच दिवशी "खाली लागतंय" असं वाटलं तर तिथंच सांगा, सवय होईल म्हणून गप्प बसू नका.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं घाला, काढा, कातडी बघा. मग हळूहळू वाढवा. वाटीखाली लाली येणारच, दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. नडगीच्या धारेवर, टोकावर किंवा बाहेरच्या बारीक हाडाच्या गाठीवर लाली टिकली तर पाय घालू नका, दुरुस्तीला न्या. फोड आला तर कापूस कोंबून चालणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातल्या एकाचा पुन्हा वरून कापावा लागला.

सैल वाटलं तर मोजा वाढवा, घट्ट वाटलं तर कमी करा. पातळ-जाड मोजे याचसाठी असतात. मोजे वाढवत वाढवत गठ्ठा झाला की सॉकेटच बदलायचं. पहिल्या वर्षात हे बहुतेकांना करावं लागतं, ती फसवणूक नव्हे. रात्री पाय काढल्यावर पट्टी किंवा श्रिंकर घालाच, नाहीतर सकाळी स्टंप सॉकेटच्या आत जात नाही.

१०. कागद

टाके निघाले, जखम भरली की अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आपल्याकडं सीपीआरमध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं आणि गुडघ्याखालून पाय गेलेल्याचं प्रमाण त्याच्या वरच धरतात. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे न्या. केंद्राच्या आडिप योजनेतून कृत्रिम अवयव मिळतात, तिथंही हेच प्रमाणपत्र लागतं.

आता पाऊल कुठलं घ्यायचं? शेतात, ओल्यात, अनवाणी फिरणाऱ्याला, मांडी घालून जेवायला बसणाऱ्याला जयपूर फूट सोयीचा. बूट घालून ऑफिसला जाणाऱ्याला इतर पावलं चालतात, पण त्यांची टाचेची उंची ठरलेली असते. उंच टाचेचं पायताण घातलं की गुडघा पुढं ढकलला जातो, सपाट घातलं की मागं. म्हणून मागं पट्टा असलेली, घट्ट बसणारी सँडल घ्या, आणि महाद्वार रोडवर नवा जोड घ्यायला जाताना जुना जोड पिशवीत टाकून न्या. दुकानदारासमोर दोन्हींच्या टाचा शेजारी शेजारी ठेवून मगच पैसे द्या.